बाळापूरचं ताट

आमच्या गुरुजींना खदखदून हसताना बघायचं असेल तर काय करावं? गुहागरहून सकाळची एस.टी. धरावी, पुण्याला गाडी बदलावी, नांदेडला पुन्हा बदलावी, तिथून हिंगोलीच्या गाडीत बसावं आणि आखाडा बाळापूरला उतरावं. एवढे हाल सोसले की मग तो माणूस हसतो. घरी मात्र आम्हाला नुसतं 'हं' मिळतं.

गुरुजी म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं म्हणून मीही म्हणते. मराठवाड्यातली पुष्कळ मुलं डी.एड. करून कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळांवर आली, त्यांतलेच हे एक. खाडीकाठच्या आमच्या गावात आले, माझ्याशी लग्न केलं आणि गप्प बसले. बोलतात तेही धड्यातल्यासारखं. 'का बरं?', 'असं आहे होय', 'आमटी छान झाली आहे.' मी भांडण काढलं तरी समोरून फळ्यावर लिहावं तसं नीटनेटकं उत्तर. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आणि दर मे महिन्यात हेच गुरुजी पिशवी भरून एकटे बाळापूरला पळायचे. तिकडे आता कोण आहे? आईवडील गेले, घर विकलं. 'मित्र आहेत,' एवढंच सांगायचे. आमच्याकडे ते दिवस फणसांचे, सोलांचे (कोकमाची वाळवलेली साल, म्हणजे आमसुलं), मला उसंत नसायची. ते परत यायचे तेव्हा तोंडावर तेज आलेलं असायचं. माझ्या हातचं वर्षभर खाऊन जे येत नाही, ते चार दिवसांत कुठून येतं, हा प्रश्न मला सलायचा.

पण त्या वर्षी वेगळंच झालं. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन थोडाच काळ झाला होता. शाळेतल्या दुसऱ्या एका मराठवाड्याच्या मास्तरांची बायको पाण्यावर भेटली आणि म्हणाली, "आता तिकडे जागा निघणार म्हणे. सगळे बदलीचा अर्ज करतायत. तुमचे गुरुजीही करणार असतील, मित्रांमध्ये जीव अडकलाय ना त्यांचा?" माझ्या हातातली कळशी जड झाली. माझी आई दोन घरं सोडून राहते. माझं शिलाई मशीन, माझी गिऱ्हाइकं, मागल्या दाराची खाडी, सगळं इथं. आणि हे कोणा मित्रांसाठी मला उचलून हिंगोलीला नेणार? मुलीला आईकडे ठेवलं आणि गुरुजींना सांगितलं, "यंदा मी येते."

"का बरं?" त्यांनी विचारलं.

"बघते तरी, कोण आहेत ते!"

नांदेडपर्यंत ते गुरुजीच होते. हिंगोलीच्या गाडीत चढले आणि बिघडले. कंडक्टरला म्हणाले, "दोन बाळापूर द्या की मामा." मी वळून बघितलं. हा आवाज माझ्या घरात कधी आला नव्हता. अर्धापूरच्या केळीच्या बागा गेल्या, मग उघडी काळी रानं लागली, उन्हाची झळ खिडकीतून तोंडावर यायला लागली. मी पदराने वारा घेत होते आणि हे खिडकीबाहेर मान काढून दर फाट्याला ओळखीचं कोणी दिसतंय का ते बघत होते. माझ्याकडे एवढं निरखून त्यांनी लग्नातही बघितलं नसेल.

बाळापूरच्या थांब्यावर गाडी उभी राहण्याआधीच हाक आली, "मिल्याऽऽ!" माझ्या मिलिंद गुरुजींचा मिल्या झाला! दोघं पळत आले. उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा तो अन्वर, त्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान. बुटका, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला तो दत्ता, शेतकरी. तिघं शाळेपासूनचे. त्यांनी अशी मिठी मारली की गुरुजींच्या हातातली पिशवी दाणकन खाली पडली आणि तिच्यातून लालभडक पाणी गळायला लागलं.

"अरे, रगत येऊन राहिलं की!" दत्ता ओरडला.

रक्त कसलं! ते आगळ होतं, कोकमाचा खारवलेला रस. मी घातलेलं, माझ्या फडताळातलं. मी काही ते पिशवीत भरलं नव्हतं. वर्षानुवर्षं माझी सोलं आणि आगळ मे महिन्यात कमी व्हायचं आणि मी शेजारच्या काकूंवर डोळा ठेवून होते. चोर माझ्याच ताटाला ताट लावून जेवत होता!

"हे काय?" मी विचारलं. गुरुजी बाटलीच्या काचा वेचायला बसले.

अन्वरच्या घरी गेलो. त्याची बायको शमीम, गोल चेहऱ्याची, बोलकी. तिने माझा हात धरून आत नेलं. स्वयंपाकघरात फळीवर माझ्या बरण्या ओळीने मांडलेल्या. झाकणांना मीच बांधलेल्या फडक्यांच्या चिंध्या तशाच होत्या. मला सरळ जळायला झालं. माझ्या घरातली वस्तू उचलायची आणि दुसऱ्या बाईच्या फळीवर नेऊन ठेवायची, ही कुठली रीत?

"भाभी, मिलिंदभाई हर साल घेऊन येतात ना," शमीमभाभी कौतुकाने म्हणाली. "म्हणतात, सुजाताच्या हातची सोलकढी प्यायला पायजे तुमी. मग मी करते. चाखून सांगा, बराबर हाय का?"

पेल्यात पिवळं, गढूळ काहीतरी होतं. सोलकढी कशी गुलाबी असते! हिने नारळाच्या दुधाच्या जागी ताक घातलं होतं आणि वरून चांगली चिमूटभर हळद.

"हळद काहून घातली म्हणता? हळदीशिवाय काही शिजवते का कोणी?" तीच मला विचारायला लागली. या बाजूला घरोघरी हळद पिकते. हळद नाही तर पदार्थ आजारी दिसतो, असं तिचं म्हणणं. आणि गंमत बघा, हे तिघं तो आंबटढाण प्याला डोळे मिटून, एका दमात प्यायले. दत्ताच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. तरी म्हणाला, "बेस!"

जेवायला बसले आणि माझ्या जळण्याला आणखी फोडणी मिळाली. मधे एक मोठी परात आली. तिच्यात ज्वारीच्या भाकरी, तुरीचं घट्ट वरण, मिरचीचा ठेचा, कांदा. तिघं तिच्याभोवती मांडी घालून बसले आणि एकाच ताटात हात घातले. मला मात्र कडेला स्वतंत्र ताट, पाहुणी म्हणून, वर पापड.

"शाळेपासूनची रीत हाय यांची," शमीमभाभी सांगू लागली. "तिघांची भाकर एकाच फडक्यात. कोनी रुसला की ताट वेगळं घेणार. ताट वेगळं म्हणजे मोठ्ठं भांडण. लग्नानंतर मलाबी लई राग यायचा. म्हटलं, माझ्यासोबत कधी एका ताटात बसला न्हाई हा मानूस!"

"मग?"

"मग काय, सवय झाली."

मला नाही होणार सवय. गुरुजी वरणात भाकरी कुस्करून दत्ताच्या पुढ्यात सरकवत होते. हसत होते, गालात नाही, खदाखदा! कुठल्याशा मास्तरांची नक्कल करत होते. घरी हा माणूस बांगड्याचा काटासुद्धा आवाज न करता काढतो. मी पापड मोडला, तो उगाचच जोरात मोडला. कोणी वळून बघितलं नाही.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्या मागे मागे. बाजारात गेलो तर दर दुकानातून "मिल्या, कधी आला बे?" अन्वरने मला हौसेने हिरव्या बांगड्या भरल्या आणि मी तिथेच विचारलं, "भाऊजी, हे बदलीचं काय म्हणतात?" अन्वरचा हात थांबला. "वैनी, ते... त्यालाच इचारा," म्हणाला आणि एक बांगडी माझ्या हातावरच फुटली. माझी खात्रीच झाली. अर्ज झालेला असणार. मला कळवायचं तेवढं राहिलंय.

तिसऱ्या दिवशी दत्ताच्या शेतावर गेलो. शिजवून वाळवलेली हळद पॉलिश करायचं काम चाललं होतं. पत्र्याचं मोठं पिंप गरागरा फिरवायचं, आत हळकुंडं एकमेकांवर घासून चकचकीत होतात आणि बाहेर पिवळी धूळ. वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते मला कळलं नाही, आणि माझी आकाशी साडी, केस, पापण्या, सगळं पिवळं झालं. लग्नात लागली नसेल एवढी हळद अंगाला लागली. गुरुजी पिंपाच्या दांड्याला लोंबकळून हसत होते. "हसा," मी म्हटलं. "हसून घ्या!"

दुपारी लिंबाखाली (कडुलिंबाखाली) परात मांडली. मी हातपाय धुऊन येईपर्यंत काहीतरी बिनसलं होतं. परातीवर फक्त गुरुजी आणि अन्वर. दत्ता स्वतःचं जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) ताट घेऊन पाठ करून लांब बसलेला.

"दत्त्या, नाटकं करू नको, ये," अन्वर म्हणाला.

"न्हाई येत. त्याच्या ताटात मी जेवत नसतो आता."

ताट वेगळं म्हणजे मोठं भांडण, हे मला आता माहीत होतं. "काय झालं?" मी गुरुजींना विचारलं.

"त्याला काय इचारता, वैनी?" दत्ता वळला. त्याचे डोळे लाल होते, हळदीने की कशाने कोण जाणे. "तुमच्यापायीच होऊन राहिलं समदं!"

"माझ्यापायी?"

"मंग? जिल्हा झाला, जागा हायेत. अन्वरनं घर बघून ठेवलं. वर्साची ज्वारी-डाळ मी घालतो म्हणलो. आन हा अर्जच करीत न्हाई! मागच्या साली न्हाई केला, औंदाबी न्हाई. काहून, तर म्हणतो, सुजाता मागल्या दारी खाडीकडं तोंड करून भांडे घासती. घासता घासता गाणं म्हणती. मी घरात वह्या घेऊन बसतो आन ऐकतो. इकडं आणलं तर ती भांडे घासन, पण गाणं म्हणायची न्हाई. आता सांगा, गाण्यापायी दोस्त सोडतं का कोणी?"

मी गुरुजींकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. मी भांडी घासताना गुणगुणते, हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू? खाडी राहिली, आई राहिली, मशीन राहिलं. पण घोटभर पाणी प्यायले नाही तोच असा संताप आला की विचारू नका. हे सगळं मला का नाही सांगितलं? ज्या गोष्टी माझ्या कानात बोलायच्या त्या बाळापूरच्या लिंबाखाली, या दोन बाप्यांना? म्हणजे नुसती सोलंच नव्हे, माझ्या वाटणीचं बोलणंही दर मे महिन्यात पिशवीत भरून इथं येत होतं!

मी माझी भाकरी उचलली आणि दत्ताजवळ जाऊन बसले. "सरका, भाऊजी."

"वैनी, तुमी काहून इकडं?"

"मलाही त्यांच्या ताटाजवळ बसायचं नाही." मी भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

दत्ताने ठेचा माझ्या बाजूला सरकवला. "घरीबी असंच बडबड करतो का हा?"

"घरी? तोंड उघडत नाही."

"आन इथं तुमचं पुराण बंद होत न्हाई! सुजाता असं करती, सुजाता तसं करती. आमी तर कंटाळलो. ती आंबट कढी, ती बी तुमच्या नावानं पितो आमी."

"वाईट होती ना?"

"लई वाईट," दत्ता म्हणाला आणि कितीतरी वेळाने हसला. पलीकडून अन्वर ओरडला, "मिल्या, अपनी पार्टी फुट गई रे!" गुरुजींना काय करावं सुचेना. ते परातीतला कांदा निवडत बसले.

निघायच्या दिवशी दत्ता परातीवर आला, पण मला बोलावून शेजारी बसवून घेतलं. शमीमभाभीला मी सोलकढी करून दाखवली, किराणा दुकानात मिळालेल्या पूजेच्या नारळाची. ती गुलाबी कढी बघून म्हणाली, "अगंबाई, ही तर निराळीच चीज हाय!" तरी एक चिमूट हळद घालू का, असं तिने विचारलंच. थांब्यावर दत्ताने हळकुंडांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. गुरुजींना म्हणाला, "फुडच्या साली एकटा आला तर जेवायला देत नसतो." आणि टॉवेलाने तोंड पुसत उलट्या पावली गेला.

परतीच्या वाटेवर माझा नवरा टप्प्याटप्प्याने गुरुजी होत गेला. नांदेडपर्यंत बडबडला. पुण्यात "आपण चहा घेऊ या का?" म्हणाला. चिपळूणला 'हं'वर आला. मी सारखी डिवचत होते, "दत्ताला सांगितलंत ते मला सांगा ना एकदा." ते खिडकीबाहेर बघायचे. जे बोलणं माझं, ते ऐकायला मला पुन्हा बाळापूरची एस.टी. धरावी लागणार, असं मनात आलं आणि त्या लिंबाच्या झाडाचासुद्धा हेवा वाटला.

घरी आलो. मुलीला आईकडून आणलं, जेवणं झाली. मी मागल्या दारी भांडी घेऊन बसले. खाडीला भरती होती. घासता घासता माझ्याही नकळत गुणगुणायला लागले आणि एकदम ध्यानात आलं, कोणीतरी ऐकतंय! लाज वाटली. गप्प झाले, नुसती राख फिरवत राहिले.

आत वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग आतून आवाज आला, गुरुजींचा नव्हे, बाळापूरच्या गाडीतला.

"काहून थांबली?"

मी लगेच सुरुवात केली नाही. म्हटलं, अजून एकदा विचारू दे.