राखेचं पाणी

होळीनंतरचा पहिला शनिवार, जळगाव. हजर: फैजपूरचे एक प्राध्यापक, साक्रीच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम, रावेरचा एक संशोधक विद्यार्थी आणि टिपण लिहायला मी, ग्रंथपाल. गैरहजर: माझ्या वहिनीचे मामा. त्यांच्या नावापुढे हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत मामांनी उघडायला लावलं नाही असं एकही कपाट नसेल. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, मामा एसटीने प्रयोगशाळांना जात. कुलूप दिसलं की विचारत, "आत अंड्यांवर कोंबडी बसाडेल शे का?" आत बहुधा प्रयोगांचे आकडे असत. तेच आकडे दुसऱ्या तालुक्यात कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून मोजत असे. हे थांबावं म्हणून त्यांनी महिन्यातून एका शनिवारची ही बैठक सुरू केली. अध्यक्ष नाही, बॅनर नाही. आधी फसलेलं सांगायचं, आणि जिथे मोजलं त्या गावात जाऊन निकालही सांगायचा, एवढंच. एका प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं, तर मामांनी शाल सूक्ष्मदर्शकावर पांघरली आणि नारळ तिथेच फोडून वाटला. रावेरचा विद्यार्थी पहिल्यांदा आला तो केळीच्या पानांवरच्या रोगाची निरीक्षणं छातीशी धरून.

"मामा, कुणी चोरली तर?"

"चोरू दे रे भाऊ. निदान कोणी वाचली तरी."

त्यांच्या स्वतःच्या फसलेल्या प्रयोगाचं विचारलं की मात्र, "मी शेवटी." मागच्या बैठकीत ते आपणहून उभे राहिले. साक्रीकडच्या एका पाड्यावर अक्का नावाच्या बाईंच्या शेतात त्यांनी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी राखेच्या पाण्यात भिजवून पेरलं होतं. पहिल्या वर्षी छान उगवलं, म्हणून अक्कांना सांगून आले, दरवर्षी असंच करा. पुढची दोन वर्षं कॉलेजच्या शेतात करून पाहिलं, तर राखेतलं बी कमीच उगवलं. ते सांगायला मामा गेलेच नाहीत. "विद्यापीठाले सांगाले काही वाटत नाही," ते म्हणाले, "अक्काले कसं सांगू? तिनी माले जेवाडेल शे."

त्यानंतर आठवडाभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

आज फैजपूरचे सर म्हणाले, "मामांना बरं होऊ द्या. त्यांचं त्यांनीच सांगितलेलं बरं."

साक्रीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, अक्कांनी होळीची राख मडक्यात भरून ठेवलीय. मी पाहून आले. बी कमी उगवलं की त्या पाखरांना शिव्या घालतात. मामांना कधी नाही."

मग मी सांगितलं की परवा धुळ्याला मामांकडे जाऊन आले. आम्ही सांगून येऊ का, असं विचारलं होतं. मामा एकेक शब्द जोडत म्हणाले, "माले... लई चला." मला घेऊन चला, असं. जीपमध्ये बसवता येईल का, ते डॉक्टरांना विचारायचं मी माझ्याकडे घेतलं. रावेरचा विद्यार्थी चाकाची खुर्ची मिळवणार आहे.

राहिलेलं काम: पेरणीआधी मामांना अक्कांच्या अंगणात नेणं. तिथे मामांचे शब्द अडले तर पुढचं कोणी सांगायचं, तो रकाना आम्ही कोरा ठेवून उठलो.