आंटीसाठी चाळीस वाक्यं

नाताळ आमचा सण नव्हे, तरी आमच्या घरचा डिसेंबर त्याच्यावरच बेतलेला असे. मार्गशीर्षातले गुरुवार आईचे, पंचवीस तारीख शेजारच्या आंटीची. आईच्या कलशाला लागणारी पानं आंटीच्या अंगणातून यायची, आणि आंटीच्या केकचे बेदाणे निवडायला आई बसायची. जवळच्या बरुआसागरहून बसनं ताजं आलं यायचं, तेही दोघींत वाटलं जायचं. केक घरी होत नसे. मैदा, साखर, लोणी घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, तिथे मिश्रण फेटून डब्यात ओतायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. आई दरवर्षी सोबत जायची, कारण एक छोटा डबा आमच्यासाठी बिनअंड्याचा असे. तो बदलला जाऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसायची. तरी घरी आल्यावर विचारायचीच.

"सिस्टर, अंडा तो नहीं डाला?"

"भाभी, भट्टी में तो तुम घुसी बैठी थीं. तुम बताओ."

आंटी नर्स होती, म्हणून आई तिला सिस्टर म्हणे. कराडजवळच्या गावातून लग्न होऊन आई झाशीला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. नगरा भागातल्या आमच्या गल्लीत मराठी घर एकच. बाबा दिवसभर कचेरीत. आईला हिंदी शिकवलं ते आंटीनं, मधल्या भिंतीवरून. भाव कसा करायचा, दवाखान्यात काय सांगायचं, नळावर कोणी पुढे घुसलं तर कसं भांडायचं. आईच्या हिंदीत आंटीचेच हेल होते. बाबा म्हणायचे, डोळे मिटले तर कोण बोलतंय ते कळत नाही.

बाबा गेल्यावर मी, नवरा आणि मुलगी असे आईच्या घरी राहायला आलो. काही वर्षांनी आईला विसर पडू लागला. त्याची व्यवस्था मी लावली. औषधं वारांप्रमाणे डब्यांत, दारामागे तक्ता, गॅसची चावी उंचावर. हे सगळं जमलं. जमत नव्हतं ते वेगळंच. एका सकाळी आई भाजीवाल्याशी मराठीत बोलू लागली.

"अम्मा, का कै रईं?" त्यानं हसत बुंदेलीत विचारलं, काय म्हणताय म्हणून. आई चिडली आणि मराठीतच त्याला ओरडली. आठवड्याभरात लक्षात आलं की तिला हिंदी बोलता तर येत नाहीच, समजतही नाही. डॉक्टर म्हणाले, मागून शिकलेलं आधी जातं कधी कधी.

आंटी रोज यायची. ती बोलू लागली की आई कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायची. दोनदा घाबरून रडली. आंटीचं येणं रोजचं आठवड्यावर आलं, मग ती दारातूनच विचारून जाऊ लागली. एकदा मला म्हणाली, "एक बार पहचान ले, बस. फिर चाहे भूल जाए." तिला दुसरं काही नको होतं.

अडचण दिसली की मी कागद घेते. हा माझा स्वभाव आहे आणि आजवर त्यानं माझी बरीच कामं झाली आहेत. नोव्हेंबरात मी आंटीसाठी एक वही केली. चाळीस मराठी वाक्यं, क्रमांक घालून, प्रत्येकाखाली हिंदी अर्थ. पंचवीस तारखेला तिनं आईशी फक्त मराठीत बोलायचं, हिंदीचा शब्दही काढायचा नाही, असं मी ठरवलं.

"इस उमर में पहली क्लास में बिठा दिया तूने मुझे," आंटी म्हणाली. पण चष्मा लावून रोज उन्हात वही घेऊन बसायची. माझ्या मुलीला मराठी कळतं, उत्तर ती हिंदीत देते. ती आंटीचे उच्चार सुधारायला गेली आणि स्वतःच "जवल बसा" म्हणाली. दोघी खूप हसल्या. मला वाटलं, चांगलं चाललंय.

तारखेच्या चार दिवस आधी आंटीनं वही मिटली. "एक बात कहूँ? मैं एक बार अपनी तरह से बोल के देखूँ? जैसे हम दोनों बोलते थे?"

"नहीं आंटी. दो बार देखा ना आपने, वो डर जाती हैं."

"तब मैं हाल पूछ रही थी. जैसे मरीज़ से पूछते हैं. हमारी बात वैसी थोड़े ही होती थी."

मी ऐकून घेतलं आणि तिला क्रमांक बारापासून पुन्हा म्हणायला लावलं.

पंचवीस तारखेला धुकं दुपारीच उठलं. आंटी चर्चमधून परस्पर आली, सायीच्या रंगाची रेशमी साडी, हातात केकची बशी. मी आईची वेणी घालून तिला खुर्चीत बसवलं होतं.

"वहिनी, मी आले," आंटी म्हणाली. "कशा आहात?"

आईचा चेहरा उजळला. तसा तो कितीतरी महिन्यांत उजळला नव्हता. "अगं, ये ये! कधी आलीस? एकटीच आलीस?" तिनं आंटीचा हात धरून शेजारी बसवलं. आंटीनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते तिचे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, झालं काम.

आई बोलू लागली. माहेरचं कोणीतरी आलंय असं तिला वाटलं असावं. धाकटीचं लग्न, शेजाऱ्यांशी झालेला तंटा, काकूचं दुखणं. मराठी भराभर येत होतं आणि मधून मधून प्रश्न. आंटीकडे चाळीस वाक्यं होती. "हो," ती म्हणायची. "बरं आहे." "केक खा."

मग आईनं आवाज खाली आणला. अण्णा म्हणजे तिचे वडील. ते गेले तेव्हा आई इथे होती, पोचू शकली नव्हती. "अण्णांना शेवटी त्रास झाला का गं? मला कोणी सांगितलंच नाही."

आंटी हसून म्हणाली, "बरे आहेत." क्रमांक सात.

आईनं हात काढून घेतला. आंटीकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे. "ही कोण? बोलते आपल्यासारखी आणि आपली नाही. हिला कोणी आणलं घरात?"

"आई, अगं, सिस्टर आहेत."

"मी तुमची मैत्रीण," आंटी घाईनं म्हणाली. "जवल बसा. केक खा."

"जा म्हणावं हिला. जा!"

ते समजायला वहीची गरज नव्हती. आंटी उठली. उठता उठता तिच्या तोंडून निघून गेलं, "भाभी, मैं हूँ." पण तोवर आईनं दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तिनं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. आंटी बशी तिथेच ठेवून गेली.

आई फेब्रुवारीत गेली. आंटी आली, आईच्या उशाशी बसली आणि तिच्याशी हिंदीत बोलत राहिली, जवळजवळ तासभर, मधेच थट्टा केल्यासारखी, मधेच रागावल्यासारखी. लोक खोळंबले होते. मी कोणाला काही करू दिलं नाही. पण आईच्या कानांना आता त्याचा काही उपयोग नव्हता, आणि ते त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुन्हा डिसेंबर आला. बाजारात लाल टोप्या आणि चांदण्या लागल्या. आंटी या वर्षी भट्टीवर गेली नाही, तिच्या सुनेनं केक विकत आणला. पंचवीस तारखेला मी चिरोटे घेऊन गेले. आंटीनं मुलीच्या परीक्षेबद्दल विचारलं, नळाला पाणी येतंय का विचारलं. आईचं नाव दोघींनीही काढलं नाही. मग मला राहवलं नाही.

"आंटी, उस दिन आप हिंदी में बोलतीं तो वो पहचान लेतीं?"

तिनं हातातल्या रुमालाची घडी घातली. "ये मुझसे मत पूछो," ती म्हणाली आणि उठून आतल्या खोलीत गेली.

थोड्या वेळानं सून चहा घेऊन आली. मी तो प्यायले. आंटी परत बाहेर येईल म्हणून आणखी थोडी थांबले. ती आली नाही. सुनेला सांगून मी घरी आले.