निर्जळी

माझं इंग्रजी बरं, म्हणून त्या दिवशी दुभाषी मी झाले. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

रेवदंड्याजवळ कोळंबी सोलायच्या शेडमध्ये मी सुपरवायझर होते. माल परदेशी जायचा. त्या देशाशी आपल्या सरकारची व्यापार कराराची बोलणी चालली होती आणि तिकडच्यांची अट होती, कामगारांना माणसासारखं वागवत असाल तरच माल घेऊ. म्हणून तिकडची एक बाई पाहणीला आली. मालकांनी भिंती रंगवल्या, हातमोजे वाटले, संडासाचं कुलूपही त्या दिवसापुरतं काढलं, पण बायकांना ते सांगितलं नाही. एरवी ते फक्त जेवणाच्या सुट्टीत उघडायचं, आणि उघडायचे मीच. त्यामुळे आमच्या बायका सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसत. सवयच लागली होती.

पाहुणी बाई भली होती. उकाडा बघून तिने आपली पाण्याची बाटली शेवटच्या टेबलावरच्या मावशींना दिली. मावशींना मूतखडा, अलिबागच्या डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून बजावलेलं. त्यांनी बाटली घेतली, हसल्या आणि बाजूला ठेवली. का पीत नाहीत, बाईने मला विचारलं. मी मावशींना विचारलं.

"सांग तिला, बाय," मावशी म्हणाल्या. "प्यालं तं जाऊ कुठं?"

खरं सांगितलं तर ऑर्डर जाणार, साठ बायका घरी बसणार, असं मालकांनी मला पढवलं होतं. मी बाईला सांगितलं, यांचा आज निर्जळी उपवास आहे. कोळंबीत हात घालून उपवास! गावात कुणी ऐकलं असतं तर हसून गडाबडा लोळलं असतं. बाईने मावशींना आदराने हात जोडले आणि वहीत लिहून घेतलं.

कुलूप दुसऱ्याच दिवशी परत लागलं. लावलं मीच.

पुढे करार झाला, दोन्हीकडचे मंत्री टीव्हीवर हसत होते. बाईच्या अहवालात आमच्या शेडबद्दल लिहिलं होतं, इथे कामगारांच्या धार्मिक भावना जपल्या जातात. मी ते मावशींना वाचून दाखवलं, कशाला कोण जाणे. माफी मागायची होती बहुतेक, आणि ती तोंडातून निघत नव्हती.

"उपास सांगलंस व्हय," मावशी म्हणाल्या. बराच वेळ त्या सोलत राहिल्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुनासाठी धरलाय, ते न्हाय इचारलं तिनं?"