चौकडीचे मोजे

फेल्डहोवन या डच गावातल्या सुनीतीबाई कानिटकर सायकलसुद्धा चाकं पुसल्याशिवाय शेडमध्ये घेत नाहीत. अशा बाईच्या गळ्यात बेसबॉल टीमचे कपडे धुवायचं काम पडलं, यात नवल ते काय! नवल हे, की त्यांना ते आवडलं.

नवरा रविकांत कॉम्प्युटर चिपची मशीन बनवणाऱ्या कंपनीत लागला, त्याच्यामागून या डिपेंडंट म्हणून आल्या. मुलगा अद्वय बेसबॉल शिकायला गेला, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे पालकांनाही क्लबचं काहीतरी काम करणं आलं. कुणी गवत कापतं, कुणी कॅन्टीनमध्ये बटाटे तळतं. सुनीतीबाईंच्या वाट्याला मोठ्यांच्या टीमची धुणी आली. अद्वयनं दोन वर्षांत खेळ सोडला. आता तो ग्रोनिंगनला असतो आणि आईच्या मराठी प्रश्नांना डच उत्तरं देतो. आईनं मात्र क्लब काही सोडला नाही.

कारण होती ती चांडाळचौकडी. कॅचर योस्ट, पिचर रूड, कुरासाओ बेटावरून आलेला जिआन्द्रो आणि न बोलणारा बास. टीम पगारी, पण पगार असा की चौघंही दिवसा दुसरी नोकरी करतात. सोळा वर्षं एकत्र खेळतायत. कोच आले नि गेले, दोघांची लग्नं झाली, एकाचं मोडलं, पण चौकडी मोडली नाही. दर बुधवारी प्रॅक्टिस झाली की कपड्यांच्या बॅगा घेऊन 'तांते सुनीती'च्या, म्हणजे सुनीतीमावशीच्या, दारात हजर, आणि थालीपीठ खाल्ल्याशिवाय हलायचे नाहीत. योस्ट तर रडत रडत ठेचा खातो आणि वर अजून मागतो. अद्वयची खोली रिकामी झाल्यापासून त्या घरात मोठ्यानं हसणारं असं कोण होतं? हेच चौघं.

यंदा एप्रिलपासून टीम हरायचं नावच घेईना. आणि बेसबॉलवाले म्हणजे एकजात अंधश्रद्धाळू! चौघांनी शपथ घेतली, जिंकतोय तोवर मोजे धुवायचे नाहीत. दुसरी शपथ त्याहून वाईट. आता गुडघे कुरकुरतात, तेव्हा ज्या दिवशी हरू, त्या दिवशी चौघांनी एकदमच बॅट खाली ठेवायची.

तेव्हापासून मॅच संपली की ते आठ मोजे एका पिशवीत, पिशवी सुनीतीबाईंच्या शेडमध्ये खुंटीला. घरात ठेवायचा प्रश्नच नव्हता. मांजरंसुद्धा त्या शेडला वळसा घालून जात.

आणि मग गणपती जवळ आले. शनिवारी बाई मखर काढायला शेडमध्ये शिरल्या. नाकावर पदर, डोक्यात गणपतीची साफसफाई. पडदे धुवायचे, टेबलक्लॉथ धुवायचे, चादरी धुवायच्या, आणि हात आपोआप खुंटीकडे गेला. मशीन थांबलं, दार उघडलं, तेव्हा बाईंच्या हातात आठ पांढरेशुभ्र मोजे होते. साठ डिग्रीवर धुतलेले, लव्हेंडरच्या वासाचे.

"अगं बाई गं!" म्हणून त्या तिथेच फतकल मारून बसल्या. उद्या सीझनची शेवटची मॅच. हे हरले तर बुधवार गेले, थालीपीठं गेली, सगळंच गेलं. आणि हरणार का, तर या बाईच्या स्वच्छतेपायी!

"अहो, काहीतरी करा!" त्यांनी रविकांतना हाक मारली. "मळवा हे!"

रविकांत चष्मा पुसत म्हणाले, "अगं, मी जन्मभर क्लीनरूममध्ये काम केलं. धुळीचा कण कसा घालवायचा ते विचार. आणायचा कसा, ते मला कुणी शिकवलेलंच नाही."

"काय कामाचे हो तुम्ही!"

मग बाईंनीच पदर खोचला. चहाचं पाणी झालं, हळद झाली, बागेतली माती झाली. बागेतली माती काळी, मैदानावरची लाल. म्हणून तिखट घातलं. मोज्यांना मळाचा नाही, मिसळीचा वास सुटला. पुन्हा धुवावे लागले. रविकांतना तेवढ्यात भूक लागली, आणि त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी दोघं सायकलींवरून मैदानात पोचली. बाईंनी मोजे लाल मातीत नुसते घोळवून पाहिले. छे! घोळवलेलं घोळवलेलंच दिसतं, घातलेल्या मोज्याचा मळ वेगळा. शेवटी त्यांनी सगळे मोजे एकावर एक स्वतःच्याच पायांत चढवले, सलवार वर खोचली आणि धावत सुटल्या. पहिला बेस. दुसऱ्याशी चौकडी कशी घसरत जाते ते सोळा वर्षं पाहिलेलं. डोळे मिटून त्यांनी अंग टाकलं. सर्रकन लाल धुरळा उडाला.

"सेफ!" रविकांत ओरडले. त्यांना बेसबॉलमधला एवढा एकच शब्द येत होता.

टाळ्या पडल्या. बाईंनी डोळे उघडले, तर कुंपणाशी चौकडी उभी. मॅचच्या दिवशी हे इतक्या लवकर येतात, हे कुणाला माहीत!

"धुतले मी," सुनीतीबाई बसल्या जागी म्हणाल्या. "हात मेला ऐकतच नाही माझा. माफ करा रे."

योस्टनं त्यांना हात धरून उठवलं, आणि चौघांनी त्यांच्या पायांतून एकेक करून मोजे उतरवले, झटकून आपापल्या पायांत घातले.

दुपारी ते हरले. आणि थोडेथोडके नाही, धुव्वा उडाला. रूडचा एकेक बॉल समोरच्यांनी पार कुंपणापलीकडे भिरकावला.

सुनीतीबाई कॅन्टीनमागे वाट पाहत राहिल्या. आता येतील, मिठी मारतील, फुलं देतील. डच माणूस निरोपाला फुलं देतोच. चौघं आले, लंगडत. हातात फुलं नव्हती. योस्टनं मळक्या मोज्यांची पिशवी पुढे केली.

"हे धुवून टाक," तो म्हणाला.

"हो रे बाळा," बाईंनी पिशवी छातीशी धरली. त्या वासाची या वेळी त्यांना किळस आली नाही. "आता काय, धुवायचेच."

"बुधवारपर्यंत वाळतील ना?"

"बुधवारी काय आहे?"

"पुढच्या सीझनची प्रॅक्टिस," योस्ट म्हणाला. "तू या वयात सेकंड बेसवर घसरतेस. आम्ही कुठल्या तोंडानं रिटायर व्हायचं?"

आणि न बोलणारा बास बोलला, "तिखट नको. पाय जळत होते."

सुनीतीबाईंनी डोळे पुसले ते नेमके त्याच पिशवीनं, आणि मग डोळे चोळत, सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "वाळतील की! न वाळायला काय झालं!"