वडबारीचा जोडा

बूट हातात आला की आबा आधी तो उलटा करायचे. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, कधी बघायचेच नाहीत. कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, बूट चष्म्याजवळ जायचा, आणि गिऱ्हाईक काही बोलायला लागलं की डावा हात वर करून म्हणायचे, "पहिले वाचू दे."

गिऱ्हाईक उसवलेल्या टाक्यांबद्दल सांगायला आलेलं असायचं. हे झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवत विचारायचे, "उजवा गुडघा दुखस का?" तो दुखत असायचाच. माझे सँडल पहिल्यांदा दुरुस्तीला दिले तेव्हा ते म्हणाले होते, "भाऊसाहेब, तुम्ही चालतस कमी, उभा जास्त ऱ्हातस." मी हायस्कुलात क्लार्क. हेडमास्तरांच्या टेबलासमोर सही होईपर्यंत उभं राहणं हेच माझं निम्मं काम, पण ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

खापरच्या बसस्टँडजवळ भिंतीला टेकून त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली पोतं, पुढ्यात लोखंडी तिपाई आणि एका डब्यात रापी, आरी, खिळे. सगळे त्यांना आबा म्हणत. शाळा दुसरीनंतर सुटलेली, त्यामुळे पेपर मी वाचून दाखवायचा आणि जोड्यांचे तळ त्यांनी वाचायचे, अशी आमची वाटणी होती.

आता फुटबॉलचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मुलींची टीम आहे. कुणीच तयार होईना म्हणून तिचा मॅनेजर मी. तालुक्याची स्पर्धा दिवाळीच्या आत आटपावी लागते, कारण दिवाळी झाली की डोंगरातल्या निम्म्या खेळाडू आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. फायनल अक्कलकुव्याला असते, आणि फायनलला आमच्यासमोर वडबारी असते. ही वरची, डोंगरातली टीम. लागोपाठ तीन वर्षं आम्ही तिच्याकडून हरलो होतो. आमची गोलकीपर जया ही आबांची नात. तिसऱ्या वर्षी हरलो तेव्हा चहाच्या टपरीवर एकजण तिच्या देखत म्हणाला, गोलकीपर बदला. त्यावर तिनं आबांना सांगितलं होतं की अजून एक वर्ष खेळते, तेव्हाही हरलो तर बस.

त्यामुळे चौथ्या वर्षी पोळा झाल्यापासून आबांच्या पत्र्याखाली सभा भरायला लागली. विषय एकच, वडबारीत खोट कुठं आहे. तुम्ही अशा सभेत कधी बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल, की तिथं ज्यानं बॉलला कधी पाय लावलेला नाही त्याचा आवाज सगळ्यात मोठा असतो. टपरीवाल्याचं मत होतं की त्यांचा दम दुसऱ्या हाफात संपतो. रोज डोंगर चढून शाळेत जाणाऱ्या मुलींचा दम संपतो, असं पाण्याची बादली उचलताना धाप लागणारा माणूस सांगत होता. किराणावाला म्हणे, त्यांना हेडिंग येत नाही. मागच्या फायनलचा गोल हेडिंगचाच होता, हे कुणीतरी आठवण करून दिलं, तर तो म्हणाला, तो चुकून झाला.

आबा टाके घालत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "त्यासना जोडा येऊ द्या. मंग सांगसू."

वडबारीचे बूट दुरुस्तीला आमच्याकडेच यायचे, दुसरीकडे सोय नव्हती. एका बाजाराच्या दिवशी त्यांच्या टीमबरोबर फिरणारा एक माणूस जीपच्या टपावरून पोतं उतरवून घेऊन आला. प्रत्येक जोडीला चिठ्ठी बांधलेली. तो बाजार करायला गेला आणि आम्ही पोतं उघडलं. हे बरोबर होतं की नाही, ते आज विचारलंत तर मी खाली मान घालीन. त्या दिवशी मात्र मी एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होतो आणि आबा एकेक बूट उलटा करत होते.

सुमित्रा, असं एका चिठ्ठीवर होतं. तीन वर्षं आमच्यावर गोल करणारी हीच ती मुलगी. आबांनी तो जोडा बराच वेळ हातात ठेवला. उजव्याचा पुढचा भाग झिजून गुळगुळीत, स्टड अर्धे उरलेले. डावा जवळजवळ नवा. आत बोटांजवळ चिंधीचा बोळा होता. तो त्यांनी काढून पाहिला, बाजूला ठेवला, शिलाई मारली आणि पुन्हा होता तिथं कोंबला.

"ही पोर उजवा पायनीच मारस," ते म्हणाले. "डावा पाय नुसता शोभाना शे."

त्या संध्याकाळी त्यांनी जयाला समोर बसवून हेच सांगितलं. तिच्या उजव्या पायाची बाजू धर, डावीकडे पाहूच नको. जयानं ते इतकं मनावर घेतलं की पुढचे पंधरा दिवस ती आमच्या मुलींना फक्त उजव्या पायानं मारायला लावून सराव करत होती. आबा ग्राउंडच्या कडेला पोतं टाकून बसायचे. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

फायनल तुम्हाला थोडक्यात सांगतो, मला ती लांबवायला आवडत नाही. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत कुणाचाच गोल नव्हता. जयानं तोवर चार बॉल अडवले होते. मग सुमित्रा एकटी बॉल घेऊन आली. जयानं उजवी बाजू धरली, अगदी आबांनी सांगितली तशी. सुमित्रानं एक पाऊल आत टाकलं आणि डाव्या पायानं बॉल मारला. जयाच्या दुसऱ्या बाजूला निम्मा गोल मोकळा पडला होता.

मॅच संपल्यावर जया सरळ आबांकडे आली. रडत नव्हती. हातमोजे काढून तिनं त्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आबा, आते बस झायं."

दुसरं कुणी असतं तर नशिबाला दोष देऊन मोकळं झालं असतं. आबांनी पुढच्या बाजाराला वडबारीच्या माणसाला गाठलं आणि बसायला पोतं दिलं. मी शेजारीच होतो.

"तो सुमित्राना जोडा," त्यांनी विचारलं, "तो कोना शे?"

"तिच्या भावाचा," तो माणूस म्हणाला. "भाऊ कंपनीत लागला, भरूचकडं. जोडा हिला दिला. मोठा होतो, म्हणून चिंधी घालते."

"आन सराव?"

"सरावाला बूट कोण घालतं, आबा? मॅचपुरता असतो तो."

माणूस गेला. आबांनी आरी खाली ठेवली. म्हणजे आम्ही ज्याची खोट शोधली तो मुलगा केव्हाच भरूचला गेला होता आणि फुटबॉल सोडून मशीन चालवत होता. त्याच्या पायाचा हिशेब आम्ही त्याच्या बहिणीच्या नावावर मांडला. चिठ्ठी मी वाचली होती, त्यामुळे अर्धी चूक माझी, असं मी म्हणालो.

"नही, भाऊसाहेब. चिंधी मन्हा हातमा व्हती. मी जोडा वाचा, पोर नही वाची."

दुपारी टपरीवर माणसं जमलेली असताना ते उठून तिथं गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, "जयानी चूक नही. मन्ही चूक व्हयनी." ते एरवी टपरीवर जात नसत, चहा त्यांच्याकडे यायचा. गोलकीपर बदला म्हणणारा माणूस बशीत बघत बसला. आबांचा मला तेव्हा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना कधी सांगितला नाही याचं आजही वाईट वाटतं.

जयाला हे कळलं. हातमोजे मात्र घरच्या खुंटीवरच राहिले.

मग एक दिवस आबा माझ्याकडे ऑफिसात आले आणि म्हणाले, कागद-पेन्सिल घ्या, वडबारीला जावानं शे. साठ वर्षं त्या गावाचे जोडे शिवणारा माणूस त्या गावाला पहिल्यांदा जात होता. जीपनं अर्धा रस्ता, पुढं चालत. वाटेत ते दर थोड्या वेळानं थांबून पायवाटेकडे बघायचे आणि म्हणायचे, "आते समजनं, टाचा काबर झिजतस."

सुमित्रा घराच्या अंगणात ज्वारी पाखडत होती. घरी पावरी बोलणारी ती मुलगी आमच्याशी शाळेतलं मराठी बोलली. आबांनी जुना पेपर जमिनीवर पसरला, तिला त्यावर उभं केलं आणि माझ्या पेन्सिलीनं तिच्या दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली.

"बूट शिवणार आहात? मला?" तिनं विचारलं.

"हा. तुन्हाच पायना. एक अट शे. झिजना की मन्हाकडेच आनजो. पुढला सीझनना पहिले."

ती हसून म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझी कमजोरी बघणार."

"हा. मंग?"

"बघा," ती म्हणाली.

मी जवळजवळ जन्मभर ऑफिसात काढला, करार पुष्कळ पाहिले. इतका सरळ करार एकही पाहिला नाही.

खापरला ही बातमी पोचल्यावर जो गोंधळ झाला तो विचारू नका. टपरीवाला म्हणाला, आबा, आपण समोरच्या टीमला बूट शिवून देतो का? आबांनी शांतपणे विचारलं, "अनवाणी पोरनी कमजोरी वाचू कशी?" यावरचं उत्तर सगळ्यांना घरी जाऊन सुचलं असेल.

बूट शिवायला त्यांना महिना लागला. डोळे कमी झाले होते. चामडं चांगलं निवडलं, स्टड जुन्या टायरचं रबर कापून केले. काम घरी चालायचं. पेपरवरची ती पावलं भिंतीला लावलेली असायची. एकदा मी गेलो तेव्हा जया भाकरी थापता थापता त्या रेघांकडे बघत होती. "आबा, तिना डावा पाय मोठा शे," ती म्हणाली. आबांनी टाका अर्धवट सोडून मान वर केली. ती पुन्हा भाकरीकडे वळली. आबा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "वाचस पोर." बूट वडबारीला गेले ते मीच पोचवले.

चैत्रात आबा गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेले. गावातल्या निम्म्या लोकांच्या पायांत त्यांचे टाके होते आणि त्याच पायांनी सगळे त्यांच्या मागून चालले. मी नवीन सँडल घेतलेले होते, ते घरी ठेवून जुने घालून गेलो.

दुकानात लोकांचे जोडे राहून गेले होते. ते परत द्यायला जया बाजाराच्या दिवशी तिथं बसायला लागली. देता देता एखादा टाका घालायला लागली, मग टाच लावायला लागली. हातमोज्यांचं मी विचारलं नाही. मॅनेजर म्हणून मी दुसरी गोलकीपर शोधत होतो. जी मिळाली तिचं नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं होतं, पण ती बॉल आला की डोळे मिटायची.

पोळा झाला. त्यानंतरच्या बाजाराला सुमित्रा आली. पोतं नाही, तो माणूस नाही, एकटीच पिशवी घेऊन. आबा गेल्याचं तिला जीपमध्येच कळलं होतं. भिंतीसमोर उभी राहून तिनं पत्र्याकडे, तिपाईकडे, मग जयाकडे पाहिलं. दोघी मैदानाबाहेर पहिल्यांदाच समोरासमोर होत्या. सुमित्रानं पिशवीतून बूट काढून पुढं धरले.

"आबांना सांगितलं होतं, सीझनच्या आधी आणीन म्हणून."

ते बूट खूप वापरलेले होते. सरावालाही घातलेले, हे मलासुद्धा दिसत होतं. जयानं ते घेतले. सुमित्रा काही सांगायला लागली, तेव्हा जयानं डावा हात वर केला.

"पहिले वाचू दे."

तिनं बूट उलटे केले. आधी उजवा, मग डावा. डाव्याच्या बाहेरच्या कडेवर तिचा अंगठा थांबला, पुढं गेला, पुन्हा मागं आला. मी मान लांब करून बघत होतो, मला तिथं नुसतं झिजलेलं रबर दिसत होतं. टपरीवरची माणसं चहा हातात धरून उभी राहिली होती.

"काय दिसतं?" सुमित्रानं विचारलं.

जयानं मान वर केली. चैत्रानंतर तिला मी पहिल्यांदा हसताना पाहत होतो.

"आठे नही सांगस," ती म्हणाली. "ग्राउंडवर ये, तठे सांगसू."

मग तिनं सुमित्राला बसायला पोतं दिलं, डब्यातून आरी काढली आणि उसवलेला टाका घालायला घेतला. मी दुसऱ्या गोलकीपरच्या नावाची चिठ्ठी खिशातून काढली आणि फाडून टाकली.