रिव्हर्स अजून कच्चा आहे

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं होतं, आणि शहरातली रहदारी बघता ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. हे ते स्वतःच सांगायचे. चौकात कुणी हात न दाखवता, सिग्नल न देता सरळ वळलं, की कपाळावर हात मारून म्हणायचे, "हाही आपलाच!"

लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, आणि पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी आयुष्यात जे काही कर्तृत्व गाजवलं ते त्या ब्रेकवरच. नुसत्या गाडीत नव्हे, एकूणच. तरुणपणी दोन-तीन ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं. बोलणी व्हायची, दोन्हीकडची मंडळी हसायची, आणि मास्तर ऐनवेळी "जरा विचार करून सांगतो" म्हणायचे. ते अजून विचारच करत होते. दादा आणि वहिनींच्या घरात वरची एक खोली त्यांना होती. तिथे ते, एक खुर्ची आणि रक्तदाबाच्या गोळ्या असा तिघांचा संसार चालला होता.

शहर मोठं म्हणावं तर मोठं होतं. एक उड्डाणपूल होता, सरकता जिना असलेलं दुकान होतं, आणि विमानतळ होणार म्हणून दर निवडणुकीला कुणीतरी नारळ फोडून आश्वासन द्यायचं. पण लहान म्हणाल तर इतकं लहान, की मास्तरांनी नवे बूट घातले तर संध्याकाळपर्यंत चार जण "चावत नाहीत ना?" असं विचारून जायचे. खेड्यात माणसाला निदान एखादा मोकळा माळ असतो आणि महानगरात गर्दी असते. दोन्हीकडे हवं ते करता येतं. मधल्या शहरात लपायला माळही नाही आणि गर्दीही नाही. जिकडे बघावं तिकडे ओळखीचे. त्यातले निम्मे आपल्याला "सर" म्हणणारे, म्हणजे मग बोलायचीच सोय नाही.

ही गैरसोय मास्तरांना इतकी वर्षं जाणवली नव्हती, कारण लपवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. मग ते औषधांच्या दुकानातल्या बाईंच्या प्रेमात पडले.

बाई पंचेचाळिशीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान एकटीने चालवलं, मुलाला वाढवलं, आता घरी सूनही आली होती. सगळ्या शहराची दुखणी त्यांना तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. मास्तर महिन्याच्या गोळ्या एकदम नेत असत, ते आठवड्याच्या नेऊ लागले. मग दिवसाआड. मग न झालेल्या खोकल्याचं औषध, न मुरगळलेल्या पायाचं मलम. शेवटी एकदा बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता बाई म्हणाल्या, "मास्तर, हे सगळं खरंच पोटात गेलं, तर तुम्ही राहाल का?"

मास्तर लाजले. या वयात लाजताना आपण कसे दिसत असू, या विचाराने आणखी लाजले.

धीर करून त्यांनी बाईंना चहाला बोलावलं. बाजारापासून लांबचं हॉटेल निवडलं, कोपऱ्यातलं टेबल बघितलं. ते तोंड उघडणार तोच वेटर म्हणाला, "सर, ओळखलंत का? चढावर अजून माझी गाडी मागे जाते हो." आणि त्याने ट्रे बाजूला ठेवून हँडब्रेकविषयी सविस्तर चौकशी केली. दुसऱ्यांदा ते बागेत भेटले, तर सकाळी फिरणाऱ्यांचा अख्खा जथा "मास्तर, तुम्ही इकडे कसे?" म्हणत बाकाभोवती जमला. मास्तरांनी "यांचं डोकं दुखत होतं म्हणून" असं काहीतरी सांगितलं. औषधांच्या दुकानाच्या मालकिणीला डोकेदुखीसाठी बागेत कोण नेतं, हे त्यांना रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

त्यानंतर आठवडाभर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. मग बाईच शिकवणीच्या कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "मला गाडी शिकवाल का?"

मास्तरांना वाटलं, नशीब उघडलं ते असं! अख्ख्या शहरात एकच जागा अशी होती जिच्या जवळ कुणी फिरकत नसे, ती म्हणजे टपावर "शिकाऊ" अशी पाटी असलेली त्यांची स्वतःची गाडी. ती दिसली की रिक्षावालेसुद्धा वाट सोडायचे. आणि शिकवणीच्या गाडीत बाईमाणूस शेजारी बसलं तर त्यात कुणाला काय दिसणार? रोज सकाळी एक तास. इतके दिवस आपण याच गाडीतून जागा शोधत फिरत होतो, असं म्हणून त्यांनी स्वतःला मनातल्या मनात एक चापट मारली.

बाई पहिल्या दिवशी रीतसर चुकल्या. गाडीने दोन गचके खाल्ले आणि ती बंद पडली. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्या इतक्या सफाईने चालवू लागल्या, की मास्तर धास्तावले. शिकून झालं तर तास संपणार. मग त्यांनी चुका काढायला सुरुवात केली. वळण जरा रुंद गेलं. आरशात बघितलंत, पण मनापासून बघितलं नाहीत. आणि काहीच सापडलं नाही की ठेवणीतलं वाक्य, "बाकी ठीक आहे, पण रिव्हर्स अजून कच्चा आहे."

"हो ना," बाई म्हणायच्या. "तो मला जमतच नाही." आणि लगेच गाडी अशी काही वाकडी मागे न्यायच्या, की मास्तरांना हायसं वाटायचं.

त्या तासात दोघं पुष्कळ बोलली. दुकानाबद्दल, गुडघ्यांबद्दल, एकट्याने जेवताना रेडिओ का लागतो याबद्दल. फक्त जे बोलायचं होतं तेवढं सोडून. ते ओठांवर आलं की मास्तर म्हणायचे, "पुढे खड्डा आहे."

घरी वहिनींनी एकदा वाढता वाढता विचारलं, "भावजी, त्या औषधवाल्या बाईंचं शिकून झालं का?"

"रिव्हर्स अडलाय."

"एवढ्या दिवसांत मी विमान शिकले असते," वहिनी म्हणाल्या, आणि दादा ताटात बघून उगाचच खोकले. आपण सगळ्यांच्या डोळ्यांत कशी धूळ फेकली, याच समाधानात मास्तर होते. त्यांना त्या खोकल्याचाही अर्थ लागला नाही.

मग एका शनिवारी गाडीत बसल्या बसल्या बाई म्हणाल्या, "उद्या मुलाची नवी गाडी घरी येतेय. तो म्हणतो, आता शिकवणी बास. सराव आपल्या गाडीवर कर, मी बसतो शेजारी."

म्हणजे आजचा तास, आणि मग पुन्हा खोकल्याच्या बाटल्या! आज विचारलं नाही तर कधीच नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. जुन्या बाजारामागच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा ते तिसऱ्यांदा जुळवत होते, आणि म्हणून समोरून येणारा खडीचा ट्रक त्यांना दिसलाच नाही.

ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. गल्ली इतकी अरुंद, की दोन सायकलींनीही एकमेकींची विचारपूस करूनच पुढे जावं. मागे जाण्यावाचून उपाय नव्हता. "उतरा, मी घेतो," मास्तर घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले आणि दार उघडायला गेले. दार भिंतीला टेकलं.

"बसा हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी एक हात मास्तरांच्या सीटमागे टाकला, मान वळवली आणि गाडी मागे घेतली. सावकाश नाही, चांगली भरधाव. ओट्यांच्या मधून, उभ्या केलेल्या हातगाडीला वळसा घालून, कोपऱ्यावर काटकोनात वळवून त्यांनी ती एका बंद दुकानासमोर अशी लावली, की भिंत आणि गाडी यांत वीतभर अंतर राहिलं. ट्रक निघून गेला. जाता जाता ट्रकवाल्याने सलाम ठोकला, तोही बाईंना.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली आणि रेल्वेच्या फाटकाशी येऊन थांबली. फाटक बंद होतं. मागे रांग लागली, बाजूला स्कूटरी येऊन भिडल्या.

"तुम्हाला येतंय," मास्तर म्हणाले.

"लग्नाआधी वडिलांचा भाजीचा टेम्पो मीच चालवायचे. मंडईतल्या गल्ल्यांतून. सासरी कुणाला आवडलं नाही, मग सोडलं. मुलालाही माहीत नाही."

"मग हे इतके दिवस...?"

"मग काय करणार होते?" बाई समोर फाटकाकडे बघत म्हणाल्या. "हॉटेलात वेटर, बागेत फिरणारे. घरी सून, दुकानात गिऱ्हाईक. या शहरात बाईला रोज एक तास कुणाशी बोलावंसं वाटलं, तर काहीतरी शिकायलाच लागतं."

मास्तरांना आधी हसू आलं. इतके दिवस ते स्वतःला मोठे बिलंदर समजत होते, आणि शेजारी बसून बाई त्यांच्यासाठी रोज नेमाने वाकडी गाडी चालवत होत्या. मग हसू गेलं. आपल्याशी बोलायला मिळावं म्हणून कुणी एवढा खटाटोप करेल, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जुळवलेलं वाक्य पार विसरलं. जे तोंडून आलं ते शिकवणीच्या सुरातच आलं, मोठ्याने आणि तोडून तोडून.

"बाई, आपण लग्न करूया. चालेल?"

रहदारीचा आवाज ऐकू यावा म्हणून गाडीच्या काचा खाली ठेवायच्या, हा मास्तरांचाच नियम. शेजारच्या स्कूटरवर बँकेतला कॅशियर होता. त्याने स्कूटर बंद केली. पेट्रोल वाचवायला केली असेल असं मानायला मास्तर एका पायावर तयार होते, पण त्याने मानही गाडीच्या दिशेने पुढे काढली होती.

"अरे देवा," मास्तर पुटपुटले. "बाई, माफ करा. हा आपलाच आहे. आता संध्याकाळपर्यंत..."

"घरी कसं सांगायचं तेच मला सुचत नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या. "रात्र रात्र विचार करायचे. मुलासमोर गेले की जीभ टाळ्याला चिकटायची." मग त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "काय हो, ऐकलंत ना?"

"नाही, म्हणजे... थोडंसं," कॅशियर म्हणाला.

"थोडं कशाला, नीट ऐका. मास्तरांनी मला लग्नाचं विचारलंय आणि मी हो म्हटलंय."

कॅशियरने तोंडभर हसून दोघांना हात जोडले आणि दुसऱ्याच क्षणी मागे वळून कुणाला तरी हाक मारली. मागच्या गाडीची काच खाली आली. त्यामागच्या गाडीचं दार उघडलं. कुणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने वाजवला, आणि या वेळी तो वाट मागण्यासाठी नव्हता हे मास्तरांनाही कळलं. दोघातिघांनी फोन कानाला लावलेले त्यांना आरशात दिसले. घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला, तो हातातून खाली पडला.

आगगाडी अजून यायची होती. फाटक तसंच बंद होतं. आणि बाईंच्या पर्समधला फोन वाजला.

मुलाचा होता. इतक्या अरुंद गल्लीतून न डगमगता गाडी मागे आणणाऱ्या बाईंनी तो दोनदा नुसता वाजू दिला. काही नाही म्हणून सांगा, चेष्टा होती म्हणा, असं मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. बाईंनी फोन घेतला आणि मुलाचं बोलणं ऐकून घेतलं.

"खरं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी मास्तरांकडे एकदा बघितलं.

"नाही रे, तू नको येऊस. थांब घरीच. आम्ही येतोय."