टिंबाचं शून्य

साळूबानाना गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला. "साहेबांना आधी कळव म्हणाले होते..." एवढंच बोलली. मी त्यांच्या नात्यातला नव्हे. शहरातल्या ज्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, तिथं मी फार्मासिस्ट म्हणून लागलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. बाजारात न मिळणारी कातडीची मलमं आम्ही तिथंच, त्या त्या पेशंटपुरती, काचेवर घोटायचो.

एकदा दौलताबादच्या एका बाईच्या तान्ह्या लेकीच्या डोक्यावर खवले धरले होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मलमाची मी नानांना चिठ्ठी लिहिली, सॅलिसिलिक ॲसिड, टक्के २. आणि आकड्यापुढं ऐटीत टिंब. नानांनी मलम केलं, बाई डबी घेऊन गेली. काच पुसताना नानांचा हात थांबला. "साहेब, पावडरीची लई कच लागतीय. वीसच ना?"

"वीस? नाना, दोन!"

"मंग हे शून्य नाय व्हय?" त्यांचं बोट माझ्या टिंबावर होतं. नाना निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, आणि तिथं शून्य म्हणजे टिंबच... दहापट औषधानं त्या लेकराची टाळू सोलून निघाली असती.

नानांनी उभ्या उभ्या नवं मलम घोटलं, केसपेपरवरचा पत्ता घेतला आणि आम्ही एसटी गाठली. बाई दारातच होती.

"अक्का, लावलं का?"

"न्हाऊ घातलं की लावते. का वो?"

मी शब्द जुळवत राहिलो. नाना म्हणाले, "चुकीचं दिलं म्या. हे बरोबर हाय."

परतताना गाडीत हसायला लागले. "ग्रॅज्युएटानं टिंब द्यायचं, सातवी पासानं त्याचं शून्य करायचं. भारी जोडी हाय आपली!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा कायदा लागू झाला. टक्के अक्षरांत लिहायचे, आणि दुसऱ्यानं मोठ्यानं वाचल्याशिवाय डबी खिडकीबाहेर जाणार नाही. पुढं तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, हा नियम कोणत्या पुस्तकातला? मी छाती काढून सांगितलं, "आमच्या नानांचा." पदवी हाती आली तेव्हाही माझा आवाज इतका चढला नव्हता.

परवा त्यांच्या घरी गेलो. खोलीत त्यांच्या गोळ्यांचा डबा तसाच होता. प्रत्येक पाकिटावर थरथरत्या अक्षरांतली पट्टी... 'सकाळी अर्धी', 'जेवल्यावर एक'. आकडा कुठंच नाही.

सून म्हणाली, "मी मोठ्यानं वाचल्याबिगर एक गोळी तोंडात टाकली नाय त्यांनी."